आठ वाजून एकोणीस मिनिटे

आमच्या घरातील संगणकावर माझ्या पतीचे जे खाते होते, ते त्यांच्या मृत्यूनंतर मीच पुसू दिले नाही. पुढे जे घडले त्यात माझा वाटा हा असा आहे, आणि तो मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारणार नाही. मुलीने विचारले होते, "आई, काढून टाकूया का?" मी नको म्हणाले. चौतीस वर्षे मी शाळेत हजेरीपट लिहिला. वर्षाच्या मध्येच नाव खोडले की खालचे सगळे क्रमांक चुकतात. म्हणून वर्ष पुरे होईपर्यंत नाव तसेच ठेवायचे, हा माझा शिरस्ता. तेव्हा त्यांना जाऊन दोनच महिने झाले होते.

ते नकाशे काढत. संगणक त्यांच्या मागच्या खोलीत आहे. तो जुना आहे आणि जागा व्हायला वेळ घेतो. त्यांचा नियम असा, की पावणेआठला कळ दाबावी आणि पंधरा मिनिटे त्या खोलीत पाऊल टाकू नये. "डोक्यावर उभं राहिलं की यंत्रही चुकतं," असे ते म्हणत. मी तो नियम पाळत आले. त्या पंधरा मिनिटांत परसातील कुंड्यांना पाणी घालायचे आणि ठीक आठला खुर्चीत बसायचे. आठला पडद्यावर मुलीशी बोलणे होई. ती दूरच्या शहरात एकटी राहते आणि एका प्रयोगशाळेत काम करते. दिवसभरात मी मनापासून वाट पाहावी अशी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

गेल्या दोन महिन्यांत त्या बोलण्यात बिघाड सुरू झाला. आठला बसावे, तर पडद्यावर नुसते राखाडी चौकोन. मग मुलीचा चेहरा तुकड्या-तुकड्यांनी जुळे. ओठ आधी हलत, शब्द मागाहून येत. पहिल्या दिवशी हे मिनिटभर चालले. मी वहीत नोंद ठेवू लागले. मिनिट, दोन मिनिटे, चार, सात... खंड नव्हता. एकदा चित्र स्वच्छ झाले की मग दिवसभर काही तक्रार नसे. दोष होता तो फक्त सुरुवातीचा.

मला जे करता येण्यासारखे होते ते सर्व मी केले. बोळातील भिंतीवरच्या इंटरनेट-जोडणीच्या पेटीची वायर काढून साठ अंक मोजले आणि परत लावली. टेबलाखाली गुडघे टेकून प्रत्येक वायर पुसली. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. जोडणी देणाऱ्या कंपनीला फोन केला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य एका सकाळी मी बावीस वेळा ऐकले. जी गोष्ट बावीस वेळा सांगावी लागते ती खरी नसते, हे कळायला शिक्षिका असण्याची गरज नाही. शेवटी कंपनीची जी मुलगी फोनवर आली ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडून स्पीड पूर्ण आहे. तुमच्याच घरात कोणीतरी वापरतंय."

"मी एकटी राहते," मी म्हणाले.

"मग बंद करून चालू करून बघा ना."

त्या खोलीत सकाळी पेन्सिलीच्या ताज्या सालपटांचा वास येऊ लागला होता. त्यांच्या नकाशांचे कपाट बंद राहिल्याने असेल, असे मी स्वतःला सांगितले. खरे सांगायचे तर मी फार थकले होते. मिनिटा-मिनिटाने तो वेळ हातातून जात होता, आणि मुलगी प्रत्येक वेळी अधिक वाळलेली, अधिक जागलेली दिसत होती. बोलतानाही तिची नजर सारखी डावीकडे जाई.

"इकडे बघ. लक्ष कुठे आहे तुझं?"

"बघतेच आहे गं आई."

"कामावर जातेस ना?"

"हो." हे 'हो' कसे असते, ते मी चौतीस वर्षे ऐकले आहे.

ज्या दिवशी वहीत 'आठ वाजून एकोणीस मिनिटे' अशी नोंद झाली, त्याच दुपारी मी घोरपडला बोलावले. घोरपड हा माझा जुना विद्यार्थी. आता पन्नाशीचा आहे आणि संगणकांची दुरुस्ती करतो. एखाद्या गोष्टीला चिकटला की सुटत नाही, म्हणून वर्गाने त्याला हे नाव दिले होते. तोंडाची टकळी मात्र तेव्हाही थांबत नसे आणि आताही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच तो आला.

"बाई, शुद्धलेखनाच्या वह्या नाही ना तपासणार आज?"

"चपला बाहेर. आणि काम कर."

"मी साहेबांच्या खुर्चीत नाही बसत बाई. तुमचं रोजचं जे काय असेल ते करा. मी इथं पेटीपाशी बसून नुसतं बघतो, कोण किती ओढतंय."

तो आपला लॅपटॉप मांडीवर घेऊन खोलीबाहेरच्या बोळात बसला. मी पावणेआठला कळ दाबली, खोलीचे दार लोटले आणि परसात गेले. अर्धी बादली संपली असेल, तेवढ्यात त्याने हाक मारली. आवाज हळू होता. घोरपडचा हळू आवाज मी आयुष्यात प्रथमच ऐकत होते.

"बाई... घरात आणखी कोणी आहे?"

"नाही."

"मग हा कोण बोलतोय?"

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. यंत्र सुरू झाले की आधी पतीचे खाते आपोआप उघडत होते, आणि त्या खात्यावरून एक चित्रफोन लागत होता. आमच्या जोडणीची बहुतेक सारी शक्ती तोच खात होता. माझ्या वाट्याला उरलासुरला गाळ येत होता. खाली तारखांची यादी होती. पंधरा मिनिटे, सोळा, सतरा, एकोणीस... कालच्या तारखेपुढे चौतीस. माझ्या वहीतील प्रत्येक नोंदीत पंधरा मिळवावेत, असे ते आकडे होते.

"कोणाला लागतो हा फोन?"

"तुमच्या मुलीला. आणि बाई... तिकडून रोज उचललाय."

लोटलेल्या दारापलीकडे खुर्ची करकरली. घोरपड माझ्याकडे पाहत राहिला. मी घड्याळाकडे पाहिले. आठला दोन मिनिटे कमी होती. नियम मोडायची ती वेळ नव्हती, की धैर्य नव्हते, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी दोन मिनिटे दारात उभी राहिले आणि आठला आत गेले. खोलीत कोणीही नव्हते. मी खुर्चीत बसले.

राखाडी चौकोनांतून मुलीचा फक्त आवाज आला.

"आई?"

"या घरातून तुला आधीच एक फोन लागलेला आहे, असं घोरपड म्हणतोय. खरं आहे?"

"रागावणार नाहीस ना..."

"प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देऊ नकोस."

तिने काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा आहेत."

"जुनी चित्रफीत असेल."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण मागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे ना, त्याचं पान याच महिन्याचं असतं. आणि लांबून बादलीचा आवाज येतो... तुझा."

"काय म्हणतात?"

"काही नाही. नुसते बसलेले असतात. फार दमलेले दिसतात गं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कारण आधी ते तू यायच्या आत उठून जायचे. आता तू बसलीस तरी जात नाहीत. तुझा फोन लॅपटॉपवर घेते, त्यांचा टॅबवर. लॅपटॉपवर नुसते चौकोन आणि तुझा आवाज. टॅबवर तीच खुर्ची, आणि तिच्यात ते. तू चष्मा पुसलास की ते पुसतात. तू पदर सारखा केलास की त्यांचा हात खांद्याकडे जातो. आणि ते विरले की मग तू दिसतेस. आधी मिनिटभर लागायचं. काल एकोणीस लागली." तिचा श्वास लागला होता. "महिनाभर कामावर गेले नाही मी. कशी जाऊ? रोज बघत बसते, आज तरी तू येतेस का... एक दिवस आलीच नाहीस तर?"

मी उजवा हात वर केला.

"...त्यांनी केला," ती कुजबुजली.

तिने टॅब लॅपटॉपसमोर धरून दाखवायचा प्रयत्न केला. मला चौकोनच दिसले; त्यांतील काही पांढरे होते. तो त्यांचा सदरा असेल किंवा माझे केस. पेन्सिलीचा वास आता इतका जवळ होता, की माझ्याच बोटांना येत असावा. घोरपड दारात उभा होता.

मी कामकाज हाती घेतले. घाबरलेल्या वर्गासमोर तेच करावे लागते. ठराव सोपा होता. पतीचे खाते घोरपडने त्याच क्षणी पुसावे. त्यानंतर संगणक बंद करून वायरी काढाव्यात. तो पुन्हा सुरू करू नये. यापुढे मुलीने साध्या फोनवर बोलावे, आणि सोमवारपासून कामावर जावे.

घोरपडने मान्य केले. मी मान्य केले, वर्ष पुरे व्हायला अजून चार महिने बाकी असूनही. मुलगी थोडा वेळ रडली, मग "बरं" म्हणाली. घड्याळात आठ वाजून सव्वीस मिनिटे झाली होती, आणि मी तिला अजून दिसू लागले नव्हते.

"आई," ती म्हणाली, "बाबांनाही मान्य आहे. आत्ताच मान डोलावली त्यांनी."

मी ताठ बसले होते. माझी मान हलली नव्हती.