पाणी देण्याआधी कापलेला आवाज

समर्थला जुन्याचं भारी वेड. आईबापाचा एकुलता, त्यामुळे रागावणारं कुणी नाही. लोणावळ्यात बापाच्या चिक्कीच्या दुकानावरच्या खोलीत त्यानं जुने टेपरेकॉर्डर मांडले होते. तिथं तो आणि जवळच्या टाकवे गावचा त्याचा मित्र संदेश आपली गाणी करायचे. ऐकणारे मोजके, पण जीव लावणारे. मग पुण्याच्या अनितानं भुताचा सिनेमा काढला, मुद्दाम खरखरीत, जुन्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिल्यासारखा. संगीत या दोघांकडे आलं. काम निम्म्यावर असताना जुन्या हायवेवर मोटरसायकल घसरली आणि संदेश गेला.

टाकव्यात अंगणात संदेशची आई विठाबाई हेल काढून रडत होती. त्याचं रांगणं, त्याची शाळा, त्याची गिटार, सगळं त्या रडण्यात येत होतं. समर्थही बाजूला बसून ढसाढसा रडत होता. आणि रडता रडताच त्यानं झोळीतला छोटा टेपरेकॉर्डर चालू केला. आता याला काय म्हणावं! डोळ्यांत पाणी खरं, अन् बोट बटणावर.

तिकडे रीत आहे. रडणाऱ्या बाईला कुणीतरी तांब्याभर पाणी द्यायचं, ‘पुरं आता’ म्हणायचं. कुणी म्हटल्याशिवाय ती आपणहून कशी थांबणार? समर्थनं घरी येऊन आवाज कॉम्प्युटरवर घेतला आणि तांब्याचा खणकन आवाज आला तिथंच कापला. पुढचं ऐकलंही नाही. उरलेला हेल त्यानं शेपटाला तोंड जोडावं तसा जोडला. संपला की पुन्हा पहिल्यापासून.

सिनेमा गाजला. त्या हेलावर बांधलेलं गाणं लोक मोबाइलवर शोधू लागले.

“कोण रे ही बाई? काटा येतो अंगावर,” अनितानं विचारलं.

“मशीनवर केलाय आवाज,” तो म्हणाला. चक्क तोंड वर करून. त्या दिवशी मात्र त्याला जेवण गेलं नाही. मित्राच्या आईचं रडणं आपण विकलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी संदेशचे चुलते दत्तोबा दुकानात आले.

“वैनी रडायची थांबंना रं,” ते म्हणाले. “पानी दिलं तर पिती, पर गप व्हत न्हाई. डाक्तर झाला, देवरुशी झाला. आन रडताना मधीच तुटती, की पुन्ना पयल्यापासनं सुरू.”

समर्थच्या हातातलं चिक्कीचं पाकीट खाली पडलं.

त्यानं मूळ कॅसेट घेतली आणि दत्तोबांना गाडीवर बसवून टाकवं गाठलं. दुपारचं ऊन होतं. भाताच्या खाचरांपलीकडूनच हेल ऐकू आला. तेच शब्द, तोच चढ. जिथं त्यानं जोड मारला होता, नेमका तिथं विठाबाईचा श्वास अडकत होता.

“मावशी, पुरं आता,” त्यानं तिच्या पुढ्यात बसून तांब्या धरला. “चुकलो मी. पाया पडतो.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. पाणी प्याली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मग त्यानं टेपरेकॉर्डर काढून उंबऱ्यावर ठेवला. कॅसेट लावली. अंगणात दोन विठाबाई एका सुरात रडू लागल्या.

खणकन तांब्या वाजला. त्या दिवशी तिला पाणी कुणी दिलं होतं? समर्थला काही केल्या आठवेना.

“आये, पुरं आता. पी पानी.”

आवाज टेपमधून आला. “ह्यो तर आपला संदेश,” दत्तोबा म्हणाले.

विठाबाई गप झाली. पदरानं तोंड पुसलं. “व्हय बाबा,” म्हणाली.

कॅसेट फिरतच होती. समर्थनं बंद करायला हात नेला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

संदेश सावकाश बोलत होता, गाणं बसवताना बोलायचा तसा.

“समर्थ, तुज्या आईला पानी कोन देनार रं?”