चौकडीतला निळा

जामखेडच्या जुन्या स्टँडमागं आमचं गेम पार्लर होतं. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. विल्सन, म्हणजे माझे मिस्टर, वारले तेव्हा मी तिथून एक टीव्ही, एक मशीन आणि एकच कॅसेट घरी आणली.

ती कॅसेट बघायला पुण्याहून अमृत आला. तिशीतला, जुने गेम जमवणारा. डबा, पुस्तिका, कोपऱ्यातला स्टिकर, सगळं त्यानं नवरी बघायला आल्यासारखं पाहिलं.

"मावशी, दुसरा गेम काढायच्या आतच ही कंपनी बुडाली. डब्यासकट तर कुठं दिसतच नाही."

नाव जपानी, वाचता कुणाला येईना. एका आखाड्यात चौघं भिडायचे, म्हणून आमच्याकडं तिचं नाव 'चौकडी'.

पार्लरचा एक नियम होता. जत्रेतल्या कुस्तीसारखा आधी मातीला हात लावायचा. गेममध्ये तसलं बटण नाही, म्हणून पोरं आपला गडी दोनदा खाली बसवायची. न बसवता मारलं की विल्सन रिमोट काढून घ्यायचे. मशीनच्या गड्यांना हे कुठलं ठाऊक? घंटा झाली की ते सुटायचेच.

अमृतनं लाल गडी घेतला, मी पिवळी पैलवानीण. बाकी दोघं मशीनचे. घंटा झाली. हिरवा धावून आला.

निळा दोनदा खाली बसला.

अमृतचा अंगठा थांबला. "हे काय?"

"निळा विल्सनचा."

"मशीन असं करत नाही, मावशी."

"न्हाईच करत. मी कॅसेट उघडून बघितली, पट्ट्या पुसल्या, बॅटरी बदलली. ते गेल्यापासून हे असंच चाललंय."

त्यानं मागं वाकून बघितलं. दोनच रिमोट जोडलेले होते. पुन्हा घंटा झाली, निळा पुन्हा बसला. मग हिरव्याला लोळवून पिवळीशेजारी येऊन उभा राहिला.

"तुम्हाला मारत नाही?"

"कधीच न्हाई. नुसता उभा राहतो. जिवंतपणी एवढा वेळ कुठं होता त्यांना?"

अमृत हसला नाही.

माझी लेक जास्मिन फोनवर म्हणते, आई, टीव्हीशी बोलत जाऊ नको. मी नाही बोलत. रोज दुपारी तासभर खेळते, एवढंच. पण विल्सन म्हणजे माणसांत रमणारा माणूस. एकट्या बाईबरोबर किती दिवस उभा राहील?

"तुझ्याकडं खेळायला कोण येतं का रे?"

"दर रविवारी. चौघं-पाचजण."

"मग ने. आधी माती लावायची, एवढं सांग त्यांना."

त्यानं कॅसेट रुमालात गुंडाळून नेली. त्या दुपारपासून घर फार मोठं वाटायला लागलं.

रविवारी त्याचा फोन आला. मागं पोरांचा गलका चालला होता.

"मावशी, निळा बसतच नाही हो. घंटा झाली की सरळ मारतो. तुमच्या मशीनमध्येच काहीतरी असेल."

"असेल," मी म्हणाले.

इथून पाठवला, तिथं पोचला नाही. वाटेत कुठं उतरला असेल, असा वेड्यासारखा विचार करत मी सतरंजीवर बसले. टीव्ही लावलाच नाही. लावून दाखवणार काय? सवयीनं माझा रिमोट तेवढा मांडीवर घेतला.

बंद पडद्याच्या काचेत खिडकी दिसत होती, आणि मी.

अमृत बसला होता तिकडं मी सहज नजर टाकली. दुसऱ्या रिमोटची वायर जमिनीवर सैल पडलेली असते.

ती ताणलेली होती. रिमोट सतरंजीपासून वर होता, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या हातात असावा, तेवढा.

मी थोडी सरकून जागा केली.