पाठमोरी गर्दी

खोटं वाटेल. ऋजुतालाही वाटलं असतं. नायमेखन या डच शहरातल्या प्रयोगशाळेत ती सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या प्रतिमा तपासते. मोजता येत नाही ते ती मानत नाही. पण हे तिच्याच घरात घडलं, यंदाच्या सर्वपित्री अमावस्येला.

पुण्याहून तिची आई, शैलाताई, आली होती. बाहेरच्या खोलीत जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेलं एक अमेरिकन छापचित्र होतं. काळंपांढरं, शंभरेक वर्षांपूर्वीचं. रस्त्यावर गर्दी. टोप्या, लांब कोट, सगळे पाठमोरे.

ते काय बघताहेत, हे मात्र चित्रात नव्हतं.

संध्याकाळी ऋजुता घरी आली, तर चित्रापुढे पान वाढलेलं. खीर, वडे, पाण्याचा पेला.

"आई, हे बाबांचं पान ना?"

"तुझे इथले कावळे शिष्ट गं. तासभर गॅलरीत उभी होते, एक फिरकला नाही. म्हटलं, वाया कशाला घालवू? या चित्रातल्या माणसांचं तरी कोण करत असेल?"

"खीर आवडेल का त्यांना?"

"न आवडायला काय झालं? वेलदोडा घातलाय."

दोघी हसल्या.

जेवताना आवाज आला... बरेच पाय एकदम सरकल्यासारखा.

वरचे शेजारी असतील.

पण चित्र वेगळं दिसत होतं. ऋजुताने फोटो काढला. चित्र आणलं तेव्हाचा फोटो लॅपटॉपवर होताच. कामावर करते तसंच तिने एकातून दुसरा वजा केला. फरक नसेल तिथे काळं दिसतं.

सगळं काळं होतं. एक ठिपका सोडून.

कॅमेरा हलला असणार. तिने दोन्ही फोटो पुन्हा नीट जुळवले.

ठिपका तिथेच होता... शेवटच्या रांगेतले दोन कोट बाजूला सरकले होते. मधे एका माणसापुरती जागा.

"आई, हे बघ."



आई चित्रासमोर उभी होती. खांदे आक्रसलेले, टाचा उचललेल्या.

"काय करतेस?"

"दिसत नाही गं. पुढे माणसं आहेत."

दुसऱ्या दिवशी ऋजुताने चित्र दुकानात परत नेऊन दिलं. डॉक्टरांनी आईला तपासलं, सगळं ठीक. आई जेवते, झोपते, सरलामावशीशी फोनवर गप्पा मारते.

पण दिवे लागले की भिंतीसमोर जाऊन उभी राहते. तिथे आता नुसता खिळा आहे.

एकदा ऋजुताने दंड धरून तिला ओढलं. आई हलली नाही. उलट ऋजुताच्याच मनगटाला काहीतरी घासून गेलं... खरखरीत, लोकरीचं.

तेव्हापासून ती आईची ओढणी मुठीत धरून मागे उभी राहते. दुसरं सुचत नाही.

परवा आईच्या टाचा जमिनीवर होत्या.

"दिसतंय का आता?" ऋजुताने विचारलं.

आई वळली नाही.

"माझ्यापुढे एकच जण राहिलाय," ती म्हणाली. "ओढणी सोड. तू येऊ नकोस."

ऋजुता परवापासून कामावर गेलेली नाही. ओढणीही सोडलेली नाही.