एका कानाचं अस्वल

पहिल्याच भेटीत मी त्याला अस्वल फेकून मारलं.

खरं तर नेम त्याच्यावर नव्हताच. डिसेंबरातल्या आइस हॉकीच्या एका ठरलेल्या सामन्याला आमचं अख्खं कॅलिस्टर गाव कापडी अस्वलं काखेत मारून रिंकवर येतं. आपल्या टीमचा पहिला गोल झाला, की चारही बाजूंनी अस्वलं बर्फावर कोसळतात. मग ती गोळा होऊन शहरातल्या हॉस्पिटलमधल्या मुलांकडे जातात. नियम दोनच. अस्वल नवं कोरं हवं, आणि गोल होईपर्यंत ते हातात हवं. मी दोन्ही मोडले. नवं आणायला विसरले म्हणून माझं लहानपणचं, एक कान तुटलेलं अस्वल उचलून आणलं होतं. आणि रबरी चकतीसारखा पक गोलच्या खांबावर ठणकन आदळला, तो मला आत गेल्यासारखा वाटला...

गावभरच्या माणसांत एकट्या माझंच अस्वल हवेत! भिरभिरत गेलं ते आदल्याच दिवशी टीममध्ये आलेल्या नव्या फॉरवर्डच्या हेल्मेटवर धप्पकन बसलं. खेळ थांबला. पंचांनी माझ्याकडे डोळे वटारले. तो मुलगा मात्र अस्वल उचलून सरळ माझ्यासमोरच्या काचेपाशी आला.

"तुझं?"

लाजेनं मेले होते मी. "नाही," म्हणाले.

"मग माझं," तो म्हणाला आणि अस्वल बाकावर ठेवून आला. थोड्याच वेळात त्यानं खराखुरा गोल केला. अस्वलांची झड लागली, लोक नाचले... आणि तो हेल्मेट काढून माझ्याकडे बघत हसत होता. घामानं चिकटलेले केस, पुढचा एक दात गायब. एवढंसं ते हसू, पण मला घरी जाईपर्यंत पुरलं.

रेंगाळत उशिरा घरी पोचले तर तोच शेजारच्या अंगणात बर्फ उपसत होता.

बाहेरगावाहून आलेले ज्युनिअर खेळाडू आमच्याकडे गावातल्याच घरांत राहतात. वयात आलेली मुलगी असेल त्या घरात मात्र त्यांना ठेवत नाहीत. म्हणून तो, रेमी, आमच्याकडे नाही, तेता स्तेफ्काकडे आला. तेता म्हणजे माझी आत्या, आमच्या शेजारीच राहणारी. मध्ये फक्त कुंपण, आणि हिवाळ्यात तेही बर्फाखाली गडप.

"मार्नी, हा बघ," तेता दारातून ओरडली. "पातेलंभर पेरोगी फस्त केल्या आणि वर विचारतोय, जेवण कधी!" पेरोगी म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या.

मी कुंपणापाशी गेले. "माझं अस्वल दे."

"कुठलं? तू तर म्हणालीस, तुझं नाही."

"चोर आहेस."

"आणि तू नेमबाज. डोकं अजून ठणकतंय."

"चला, डोकं आहे हे तरी कळलं."

तो इतका मोठ्यानं हसला, की तेताचं मांजर पळालं. अस्वल त्यानं दिलं नाहीच. दुसऱ्या दिवशी खिडकीतून दाखवलं तेवढं. तुटलेल्या कानाच्या जागी, स्टिकला गुंडाळतात त्या पांढऱ्या चिकटपट्टीचा नवा कान करून लावला होता त्यानं.

आम्ही दोघंही अठराचे. तेताच्या परसात पाणी सोडून गोठवलेला बर्फ होता. सराव संपवून आला, की तो पुन्हा तिथे उतरायचा. मी बादली उपडी घालून बसायची. पक शेडवर आदळायचा... ठाण! ठाण! मधेच तो विचारायचा, "बघतेयस ना?"

"नाही. थंडीनं डोळे गोठलेत."

"मग जा की घरी."

"जाते ना..." आणि मी बसूनच राहायची.

आमच्या गावातल्या मुलींना लहानपणापासून बजावलेलं असतं. तेतानंही त्या हिवाळ्यात मला बजावलं, "हॉकीच्या पोरावर जीव लावू नये, बाळा. चांगला असेल तर तो पुढे जातो, आणि वाईट असेल तर त्याला घरी पाठवतात."

"मधला एखादा नसतो का गं?"

"असतो की. पण मधल्यावर कोण भाळतं?"

आणि रेमी तर चांगला होता. फार चांगला. जूनमध्ये मोठ्या लीगमधल्या एका क्लबनं त्याला निवडलं. निवडलं म्हणजे लगेच नेत नाहीत, आणखी एखाद-दोन वर्षं ज्युनिअरमध्ये खेळवतात. गावानं हॉर्न वाजवत गाड्या फिरवल्या. त्या गोंधळात कुंपणापाशी त्यानं पहिल्यांदा माझा हात धरला. घट्टे पडलेला खरखरीत हात. मी काहीतरी खवचट बोलणार होते... ते सोडून मीही तो घट्ट धरला. त्या उन्हाळ्याइतकी खुळी मी पुन्हा कधी झाले नाही.

जानेवारीत एका दुपारी आमच्या टीमनं त्याला ट्रेड केलं. एका तगड्या शहरी टीमला आमचा सगळ्यात चांगला खेळाडू दिला आणि बदल्यात दोन पोरसवदा मुलं घेतली. विचारत कुणालाच नाहीत. फोन येतो, बॅग भरायची आणि निघायचं.

तो कुंपणापाशी आला. हातात अस्वल. "घे."

"ते तुझंय. तूच म्हणाला होतास."

"मार्नी, हे जवळ असलं की मी मागेच बघत राहीन. तिथे मला फक्त पुढे बघायचंय."

"मग बघ की! कोण अडवतंय?"

मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. तोंडातून निघालं ते हे. आणि अस्वल माझ्याच हातात राहिलं.

सुरुवातीला फोन यायचे. मग ते कमी झाले. मग मी त्याचे गोल बातम्यांत वाचू लागले. परसातला बर्फ तेतानं पुन्हा घातला नाही. "कोणासाठी घालू?" म्हणाली. मला तर सकाळी उठायचंही कारण उरलं नव्हतं. कॉलेज, दुकानातली नोकरी... सगळं हातून होत होतं एवढंच.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा अस्वलांचा सामना आला. आणि समोर त्याचीच टीम! मी एका कानाचं अस्वल घेऊन गेले. ठरवलं होतं, आपला गोल झाला की हजार अस्वलांत हेही टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

पण पहिला गोल रेमीनं केला.

रिंक चिडीचूप. परक्यांच्या गोलला आमच्याकडे टाळीसुद्धा वाजत नाही. आणि त्या शांततेत माझा हात आपोआप वर गेला... अस्वल सुटलं.

"अगं ए! शुद्धीवर आहेस का?" मागून कोणीतरी खेकसलं. खेळ खोळंबला म्हणून पंचांनी आमच्याच टीमला दंड दिला. आमचा एक गडी दोन मिनिटं बाहेर! सगळं गाव माझ्या नावानं बोंबललं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. रेमीनं अस्वल उचललं. चिकटपट्टीच्या कानावरून अंगठा फिरवला. मग वर न बघताच ते अस्वलं गोळा करणाऱ्या मुलींच्या पोत्यात टाकलं.

सामना संपल्यावर मी त्यांच्या बसपाशी गेले. तेतानं त्याच्यासाठी पेरोगींचा डबा दिला होता, तेवढंच निमित्त.

"पोत्यात टाकलंस."

"हो."

"का?"

"ठेवून घेतलं असतं, तर आज बसमध्ये चढणं जमलं नसतं."

"मग नको चढूस!" माझा आवाज चिरकला. "प्रेम आहे माझं तुझ्यावर. मूर्खा, गेल्या हिवाळ्यातच सांगायचं होतं..."

त्यानं डबा छातीशी धरला. डोळे भरलेले. "माझंही आहे. पण पुढच्या महिन्यात मी कुठल्या गावात असेन, हेही दुसराच कोणी ठरवतो. तुला कुठे ये म्हणू?"

"कुठेही."

"आईनंही बाबांना हेच म्हटलं होतं." त्याचे वडील ट्रकवर असायचे, वर्षातून चार वेळा दिसायचे. "अजून ती खिडकीत बसलेली असते, मार्नी. तुला नाही बसवणार मी तिथे."

कोचनं हाक मारली. त्यानं माझ्या टोपीवर कपाळ टेकवलं, क्षणभर... आणि चढला. मागच्या काचेत तो दिसत राहिला. ह्या वेळी मात्र तो मागेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये अस्वलं निवडायला बसलो. तेता भराभर चाळत होती. "हे चालेल... हे चालेल... हे जुनं, हे हॉस्पिटल घेणार नाही..." आणि थबकली. तिनं एका कानाचं अस्वल माझ्या मांडीवर ठेवलं.

पुढच्या ऑक्टोबरात रेमी मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा खेळला. सगळं गाव माजी सैनिकांच्या लीजन हॉलमधल्या टीव्हीसमोर जमलं होतं. मी जाणार नव्हते. गेले. अस्वल कोटाच्या आत होतं, का ते विचारू नका.

तिसऱ्या सत्रात पक त्याच्याकडे आला. तेच वळण, तोच झटका, तेताच्या शेडवर आदळायचा तसाच... गोल! लोक खुर्च्यांवर चढले, एकमेकांच्या गळ्यात पडले. पडद्यावर रेमी हेल्मेट मागे सारून हसत होता. दात आता नवा बसवलेला होता.

माझाही हात वर गेला होता. अस्वल बोटांतून सुटणारच होतं, तेवढ्यात तेतानं माझं मनगट हळूच धरलं.

"मार्नी, बाळा... टीव्ही आहे तो."