सात नंबरचा बूट

सप्टेंबरच्या अखेरीस मसाई पठारावर ढग इतके खाली उतरतात, की माणसाने नुसता हात उंचावला तरी बोटे ओली व्हावीत. अशाच एका रविवारच्या सकाळी त्या पठारावरून एक तरुणी एकटीच चालली होती आणि तिच्या दोन पायांत दोन निराळे बूट होते. उजवा जाड, तपकिरी, जुन्या घाटाचा. डावा राखाडी, जाळीदार, पिवळ्या नाडीचा आणि दिसायलाच पिसासारखा हलका.

तिच्या मागे साठ-सत्तर पावलांवर एक तरुण चालत होता. ती थांबली की तो थांबे. ती निघाली की तो निघे. वाऱ्याने ढग बाजूला सारला म्हणजे त्याची नजर स्पष्ट दिसे, आणि नवल हे, की ती नजर तिच्या मुखाकडे मुळीच नव्हती. ती तिच्या पायांवर खिळलेली होती.

अखेर ती गर्रकन वळली.

"ओ पावणं! मघापासनं बघतोय... माझ्या पायाकडं काय एवढं बघायलासा?"

"क... कुठं? मी—मी फुलं बघत हुतो."

"माझ्या टाचंला फुलं आल्यात व्हय?"

"तसं न्हाय... अभ्यास करतोय मी. पठारावरच्या फुलांचा."

तिने पायापाशी डोलणाऱ्या एका इवल्या फुलाकडे बोट दाखवले. "मग ह्याचं नाव सांगा बघू."

तरुणाने फुलाकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले, पुन्हा फुलाकडे पाहिले. "जांभळं."

"रंग न्हाय इचारला. नाव."

"जांभळंच म्हणत्यात की आमच्याकडं..."

"कुठं, आमच्याकडं म्हंजे?"

"गडहिंग्लजला."

यावर ती अशी खळखळून हसली, की त्या तरुणाच्या काळजाचा एक ठोका चुकला तो चुकलाच.

तिचे नाव क्रांती. हातकणंगल्याच्या एका शाळेत ती खेळ शिकवीत असे, आणि रविवारी शिरोली एमआयडीसीतल्या एका बुटांच्या कारखान्यासाठी डोंगर चालत असे. नव्या बुटात वाफ कोंडते काय, टाच घासते काय, ओल्या कातळावर तळवा घसरतो काय, हे सगळे स्वतःच्या पायाने अनुभवून तिने कागदावर लिहावयाचे. तुलना नीट व्हावी म्हणून एका पायात जुना बूट आणि दुसऱ्या पायात नवा. नव्याला नाव नसे, फक्त क्रमांक असे. हा होता सात नंबर.

आणि त्या तरुणाचे नाव प्रसेनजीत. सात नंबरचा बूट त्यानेच घडविला होता. चार महिने खपून त्याने बुटाच्या आत एक असा पातळ पडदा बसविला होता, की घामाची वाफ बाहेर जावी, पण पावसाचे पाणी आत येऊ नये. हा बूट उत्तीर्ण झाला तर त्याची नोकरी कायम होणार होती. नापास झाला तर दिवाळीनंतर चेन्नईच्या कारखान्यात जाणे भाग होते, कारण इकडे त्याच्या विद्येला दुसरे दार नव्हते. कारखान्याचा नियम कडक होता—बनवणाऱ्याने चालणाऱ्याला भेटावयाचे नाही. भेटला तर चाचणी रद्द आणि बनवणाऱ्याची गय नाही.

परंतु स्वतःच्या हातचा बूट डोंगर चढत असताना घरी स्वस्थ बसवेल, असे त्याचे मन नव्हते. केवळ लांबून पाहण्यासाठी म्हणून तो आला होता. केवळ लांबून...

दुसऱ्या रविवारी तो पुन्हा आला.

"आज कुठलं फूल, पावणं?"

"आज... पिवळं बघावं म्हटलं."

"माझी नाडी पिवळीच हाय. ध्यानात ठेवा, न्हायतर तीच खुडशीला."

त्या दिवशी अचानक सरीवर सर कोसळू लागली. दोघेही धावत पठाराच्या कडेला कातळात कोरलेल्या जुन्या बौद्ध लेण्यांत शिरले. आत शेकडो वर्षांचा गारवा होता. क्रांतीने स्तूपाच्या चौथऱ्याकडे तोंड करून क्षणभर हात जोडले. वळून पाहते तो त्याचेही हात जोडलेले.

"जय भीम," ती हळूच म्हणाली.

"जय भीम," तो म्हणाला, आणि त्या दोन शब्दांनी त्यांच्यामधले परकेपण जणू पावसाने धुऊन नेले.

तिने बूट काढले. "हे बघा गंमत. उजवा पाय शिजल्यागत झालाय. आन् डावा... कोरडा. हात लावून बघा, लाजू नका."

त्याने हात लावला नाही. तो केवळ पाहत राहिला आणि नकळत बोलून गेला, "डावा पाय मोठा हाय तुमचा. उजव्यापेक्षा. थोडकाच."

तिने भुवई उंचावली. "आयुष्यभर डाव्या पायाला सगळी पायताणं चावत आल्यात. आजपातुर कुणाला कळलं न्हाय ते. फुलं बघणाऱ्याला पायाचं माप बी कळतं व्हय?"

बाहेर पाऊस कोसळत होता. ती राखाडी बूट हातात तोलून धरीत म्हणाली, "कुणी केलाय कुणास ठाऊक. पण ज्यानं केलाय ना, त्याला चालणाऱ्या माणसाची माया असणार."

प्रसेनजीतने तोंड पावसाकडे फिरविले. सांगून टाकावे? पण सांगितले तर चाचणी बुडाली. न सांगावे? तर प्रत्येक शब्द खोटा... तो उठला, बसला, पुन्हा उठला.

"मुंग्या चावायल्यात का?" तिने विचारले.

"व्हय," तो म्हणाला.

तिसरा रविवार निर्णायक होता. दोन्ही पायांत सात नंबर घालून तिने वीस किलोमीटर चालावयाचे होते. एरवी बूट सकाळी कारखान्याच्या दारातून मिळत. या रविवारी कारखाना बंद असल्यामुळे शनिवारीच तिला सीलबंद पिशवी दिली गेली. पिशवी घरी उघडावयाची नाही, हा नियम. तिने ती खुंटीला टांगली आणि लवकर निजली. भल्या पहाटे सील सुटलेले दिसले. तेव्हा तिला वाटले, एस.टी.च्या गर्दीत तुटले असेल. बूट जरा चकचकीत, जरा ओशट लागले. तिला वाटले, कारखान्यातलाच काही लेप असेल. सर्दीने तिचे नाक बंद होते.

सहाव्या किलोमीटरला पाय तापले. दहाव्याला बुटात पाणी झाले, पण ते पावसाचे नव्हते, घामाचे होते. तेराव्याला डाव्या टाचेला फोड आला आणि ती लंगडू लागली.

धुक्यातून तो धावतच आला. "काय झालं?"

"नापास," ती दातओठ खात म्हणाली. "सात नंबर नापास. भट्टी हाय नुसती ही! उगंच मागच्या रविवारी गुण गायलो मी."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो तिथेच ओल्या गवतात गुडघ्यांवर बसला, नाडी सोडली, बूट काढला, आणि नाकापाशी नेला. मग आत बोट फिरवून त्याने तेच बोट पुन्हा हुंगले.

"एरंडेल!" तो ओरडला. "ह्याला तेल कुणी लावलं? जाळीची सगळी भोकं बुजल्यात... पडदा गच्च झालाय... चार महिनं खपलोय मी ह्या पडद्यासाठी—"

तो थांबला. फार उशिरा थांबला.

क्रांती त्याच्याकडे एकटक पाहत होती. तेल कोणी लावले हे तिला एका क्षणात उमगले होते. तिची आई शालन. आणलेले कोणतेही नवे पायताण तेल पाजल्याशिवाय तिने कधी लेकीच्या पायात जाऊ दिले नव्हते. तेलाशिवाय चामडे चावते, हेच ती जन्मभर पाहत आली होती. बुटात चामडे नाही, जाळी आहे, हे तिला कोण सांगणार? पण आईचा विचार तिच्या मनात मागे पडला. पुढे दुसरेच काही उभे होते.

"तुमचा बूट हाय हा," ती म्हणाली.

"...व्हय."

"म्हंजे फुलं न्हवती. लेणी न्हवती. तुम्ही माझ्या... तुम्ही बुटासाठी येत हुतासा."

"पयल्या रविवारी व्हय. खोटं बोलत न्हाय. दुसऱ्या रविवारी—"

"नगा सांगू."

त्याने खिशातून एक भिजकी वही काढून तिच्यापुढे धरली. पहिल्या रविवारचे पान खच्चून भरले होते—तळवा कुठे वाकतो, टाच किती उचलते, कातळावर पकड कशी. दुसऱ्या रविवारच्या पानावर एकच ओळ होती. 'हसताना ती डोळे मिटते.' बाकी पान कोरे.

तिने वही मिटून परत दिली. "उद्या धा वाजता अहवाल द्यायचाय. काय लिहू?"

"खरं ते."

"तेलाचं लिहिलं तर माझं नाव चाचणीतनं जाणार. तुम्ही भेटल्याचं लिहिलं तर तुमची नोकरी."

"दोन्ही लिवा," तो म्हणाला. "माझा बूट खोट्यावर चालाय नगो."

त्या रात्री क्रांतीचा डोळ्याला डोळा लागला नाही. अर्धा कागद लिही आणि फाड, असे चालले होते. आई दोनदा उठून विचारून गेली, "क्रांते, पाय दुखतोय का गं? तेल चोळू?" आणि क्रांतीला हसावे की रडावे ते कळेना.

सोमवारी ती शिरोलीला पोहोचली तेव्हा चाचणी विभागाचे प्रमुख बाबासो आण्णा दारातच उभे होते, आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून प्रसेनजीत.

"घ्या, दुसरीबी आली!" आण्णा गरजले. "हा सांगतोय, चूक माझी. आता तू काय सांगणार, चूक माझी?"

"व्हय आण्णा. पिशवी मी सांभाळाय पायजे हुती."

"आन् तेल?"

"आईनं लावलं. मायेनं."

आण्णांनी डोक्याला हात लावला. मग आपल्याच पायातल्या तुकतुकीत चपलांकडे पाहिले. "माझी म्हातारी बी तेच करती," ते पुटपुटले आणि लगेच आवाज चढविला, "पण नियम म्हंजे नियम! तुझं नाव चाचणीतनं कमी. आन् तू रे, निकाल लागंस्तवर पठारावर पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन. चाचणी नव्यानं हुईल."

नव्या चाचणीसाठी माणूस निवडला तो ज्ञानूतात्या. दररोज दुधाच्या किटल्या घेऊन ते पठार ओलांडीत. त्यांना बुटाचे कौतुक नव्हते आणि बुटवाल्याचेही नव्हते. मुदत तीन आठवडे.

फाटकाबाहेर प्रसेनजीत म्हणाला, "ह्या तीन आठवड्यांत मी तुमच्याकडं येणार न्हाय."

"का?"

"आलो, तर तुम्हाला वाटंल, परत बुटासाठीच आलो. निकाल लागू दे. पास हू दे न्हायतर नापास... मग येतो. चेन्नईला जायचं झालं तरी सांगून जाईन."

ते तीन आठवडे क्रांतीने कसे काढले, हे तिलाच ठाऊक. मैदानावर मुलींना कवायत शिकविताना ती मधेच आकडे विसरे. स्टेशनावर गाडीची शिटी झाली की काळजात चर्र होई—हीच गाडी त्याला दक्षिणेला नेईल काय? तिने टाचेवरचा फोड बरा होताना पाहिला, आणि तो बरा झाल्याचेही तिला वाईट वाटले. आपण रागावून राहावे असे वाटे, पण राग धरून ठेवता येत नसे.

तीन आठवडे उलटल्यावरच्या रविवारी दुपारी ती अंगणात बसून आईबरोबर शेंगा फोडीत होती. फाटक वाजले. हातात एक खोके घेऊन प्रसेनजीत उभा होता... आणि चक्क लंगडत होता. त्याच्या पायात नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला होत्या.

"निकाल?" तिने जागेवरूनच विचारले. शेंग हातातच राहिली.

"ज्ञानूतात्या म्हणालं, पायात काय हाय तेच इसरलो, आन् रोज एक किटली जादा न्हेली." त्याने खोके छातीशी धरले. "पास."

तिने डोळे मिटले. ती हसत होती.

"मग आता कशाला आलासा?" डोळे न उघडताच ती म्हणाली. "बूट तर पास झाला."

त्याने खोके उघडून तिच्यापुढे ठेवले. आत राखाडी जोड, पिवळ्या नाड्या. "हा दुकानात मिळायचा न्हाय. ह्याचा डावा बूट उजव्यापेक्षा मोठा हाय. थोडकाच. जगात दुसऱ्या कुणाच्या पायाला हा व्हायचा न्हाय..."

क्रांतीने डावा पाय बुटात घातला. जन्मात पहिल्यांदा त्या पायाला काही चावले नाही, आणि तिचे डोळे भरून आले.

शालनबाई सवयीने उठल्या, आत गेल्या आणि तेलाची वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या; मग एकाएकी त्यांना आठवण झाली, आणि वाटी पदराआड लपवीत त्या म्हणाल्या, "न्हाय बाबा! ह्याला बोट लावत न्हाय मी. एकदा लावलं ते लई झालं."

प्रसेनजीतने खाली वाकून पायातल्या चपला काढल्या आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवल्या.

"ह्याला लावा की, आई," तो म्हणाला. "लई चावायल्यात."

आई हा शब्द तिघांनीही ऐकला होता. शालनबाईंनी त्याच्याकडे पाहिले, लेकीकडे पाहिले. मग खाली बसून त्यांनी चिंधी तेलात बुडविली.

"रातभर मुराय पायजे," त्या चपलेवर चिंधी फिरवीत म्हणाल्या. "उद्या या न्ह्यायला."

क्रांती पिवळी नाडी बांधीत होती. तिने मान वर केली नाही.

"दोन हात द्यावं लागत्यात तेलाचं, आई," ती म्हणाली. "उद्या या, आन् परवा बी या म्हण की."