चर्मपत्राचे वाचन

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी बायबलच्या भाषा आणि संगणकीय अभ्यास या विषयावरचे सत्र होते. त्याचा अध्यक्ष मी होतो. सीताबर्डीतल्या त्या हॉटेलचे सभागृह स्वयंपाकघराच्या नेमके वर होते आणि सावजी मटणाच्या तयारीचा वास सकाळपासून गालिच्यात मुरत होता. ग्रंथांची चर्चा मांस धुण्याच्या मोरीवर बसून करावी, याची मला किळस आली. आयोजकांना मी तसे स्पष्ट शब्दांत सांगितलेही.

खुल्या सत्राआधी, दारे लावून, एका प्रकल्पाचे परीक्षण व्हायचे होते. श्वेता नावाची संशोधिका केरळातल्या एका कुटुंबाकडून मिळालेल्या सिरियाक या प्राचीन ख्रिस्ती भाषेतल्या चर्मपत्रावर काही वर्षे काम करीत होती. बकरीच्या कातड्याचे ते एकच पान. जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहिलेला. खरवडलेला मजकूर आपण वाचू शकतो, हा तिचा दावा. तो आम्हाला पटला तर प्रकल्पाला मुदतवाढ, नाही तर तिची नोकरी त्याच दिवशी संपणार होती. परीक्षक दोघे: मी आणि माझा महाविद्यालयापासूनचा मित्र प्रेमानंद, पाली भाषेचा अभ्यासक. तो फोनवर बोलत बाहेर गेला होता. त्याच्यासाठी थांबणे मला मान्य नव्हते.

पान कॅमेऱ्याखालच्या टेबलावर पसरले होते. प्रकल्पातलाच उन्मेष कॅमेरा सांभाळत होता. पडद्यावर कातड्याचे प्रत्येक छिद्र नाण्याएवढे दिसत होते.

"वरचा मजकूर मोठ्याने वाचला, की खालचा उमटतो सर," श्वेता म्हणाली. "फोटोत किंवा रेकॉर्डिंगमध्ये नाही उतरत. म्हणून तुम्हाला डोळ्यांदेखत दाखवायचं होतं."

"कारण?"

"श्वासातला ओलावा असेल."

"तुम्ही टेबलापासून इतक्या दूर उभ्या आहात. ओलावा चालत जातो काय?"

उन्मेष हसला. श्वेता हसली नाही. तिने वाचायला सुरुवात केली.

दुसऱ्या ओळीला पडद्यावरची छिद्रे फुगली. कातडे बारीक बारीक टोकांनी वर आले. जिथे पूर्वी कधी शाई बसली होती, तेवढीच जागा सपाट राहिली, आणि त्या सपाट जागांतून अक्षरांची वळणे दिसू लागली.

"कॅमेरा हलला," मी म्हणालो.

"कॅमेरा नाही हलून राहिला सर," उन्मेष म्हणाला. "कातडं हलून राहिलं."

अभिजात गद्यात रोमांच हा शब्द मी शेकडो वेळा वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी तो हर्षाचा होता. त्या शब्दाची घाण वाटू शकते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

तरीही मी वाद घातला. श्वेताचे उच्चार सदोष होते, म्हणून प्रयोगही सदोष, असे माझे म्हणणे. जागेवर बसूनच, समोर ठेवलेल्या छापील प्रतीतून, मी तोच मजकूर शुद्ध उच्चारांत वाचू लागलो.

या वेळी दुसऱ्या ओळीची वाट पाहावी लागली नाही. पान शहारले. छिद्रांतून बिनरंगी केस निघाले, ओलसर, नुकत्याच जन्मलेल्या जनावराला असतात तसे. वास आला. तो खालच्या स्वयंपाकघरातला नव्हता. तो भिजलेल्या, जिवंत बकरीचा होता. खालची अक्षरे आता इतकी स्वच्छ होती की मला ती सहज वाचता आली असती. आयुष्यात प्रथमच मी समोरचा मजकूर वाचायचे टाळले.

मी थांबलो.

दार उघडून प्रेमानंद आत आला.

"सुरू केलं का माझ्याशिवाय? चेहरा काहून उतरला गा तुझा?"

श्वेताने त्याच्यासाठी पुन्हा वाचले. पडद्यावर एक सपाट, कोरडे, तपकिरी पान होते. तिने आणखी एकदा वाचले. पान तसेच.

"सर, तुम्ही वाचा," ती मला म्हणाली. "तुमच्या आवाजाला जास्त येतं. तुम्ही पाहिलंत."

"वाच ना गा," प्रेमानंद म्हणाला. "पोरीच्या पोटाचा प्रश्न आहे. एरवी तर बोलावलं नसतानाही वाचतोस."

"उमेदवाराचा प्रयोग परीक्षकाने पार पाडावा, असा संकेत नाही."

"बरं, नको वाचू. पण तुले दिसलं का नाही?"

श्वेता माझ्याकडे पाहत होती. उन्मेषही. त्याची साक्ष ग्राह्य नव्हती. तो प्रकल्पाचाच माणूस.

दिसले म्हटले असते, तर पुन्हा वाचावे लागले असते. आणि मुदतवाढ मिळाल्यावर, पुन्हा पुन्हा.

"पुरावा म्हणता येईल असे काही मला दिसले नाही," मी म्हणालो. "प्रकल्प इथेच थांबवावा."

प्रेमानंदाने मान खाली घातली. श्वेता पान पेटीत ठेवायला टेबलाकडे गेली.

पडदा अजून चालू होता.

माझ्या त्या वाक्यांनीच पानावरचे केस पुन्हा उभे राहिले होते. मी गप्प झालो तरी केस बसले नाहीत. सगळे एकाच बाजूला झुकले होते, माझ्या खुर्चीच्या.

पडद्याकडे पाठ असलेल्या श्वेताने पेटी उघडली. पान बसेना, म्हणून तिने ते टेबलावरच फिरवून उलट दिशेने ठेवले.

केस सावकाश वळले, आणि पुन्हा माझ्याकडे झुकले.