हिरव्या टिकल्यांची वाडी

"परत ढोबळी मिरची! चार दिवस झाले, घरात दुसरी भाजीच नाही का?"

दारामागची कुरकुर नविनला स्पष्ट ऐकू आली. दौलतकाका राऊतांनी मात्र ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चिकूची बशी पुढे सरकवली.

नविन रिक्षावाला, सवडीनुसार वहिनीचा मदतनीस. वहिनी, म्हणजे जयश्री चुरी, डहाणूत लग्नाआधीच्या चौकशा करून पोट भरायची. आज तिला चिखल्याजवळच्या या वाडीत हिरकणीने बोलावलं होतं.

हिरकणी इथली कृषिसखी. गेल्या वर्षी तिने सगळ्यांच्या फोनवर खताचं अ‍ॅप बसवलं. पीक आणि माती भरली की खत किती, कधी घालायचं ते अ‍ॅप सांगणार. जादाचं खत मुरून विहिरीत जायला नको. माप पाळणाऱ्याच्या नावापुढे पंचायतीच्या फलकावर हिरवी टिकली, न पाळणाऱ्याच्या नावापुढे लाल. वाडीत सगळ्यांनाच हिरवी! तरी या जानेवारीत खालच्या पाड्याच्या विहिरीत खताचा अंश मर्यादेच्या दुप्पट निघाला.

गुन्हेगार वाडीने आधीच ठरवला होता: मजूर सुक्या. तो म्हणे विहिरीपाशी खताच्या गोण्या धुतो. संध्याकाळच्या सभेत त्याचं काम सुटणार होतं.

"काका, चिकूला खत कधी घातलंत?" जयश्रीने विचारलं.

"पावसाच्या तोंडाला, मग नवरात्रात. त्यानंतर चिमूटभर नाही."

शेजारच्या बागेची मालकीण भाविका, तिचंही तेच म्हणणं. तिच्या अंगणात रोपांच्या रिकाम्या काळ्या ट्रेची कमरेएवढी चळत होती.

"झेंडू लावते, घरापुरता," ती म्हणाली आणि भजी पुढे केली. नविनने चार खाल्ली. ढोबळीचीच होती.

सुक्या विहिरीपाशीच भेटला.

"धुतो ना, बाय. दोन-चार धुतल्या. पोराला झोळी शिवायला. नातू तीन महिन्यांचा हाय. इथलं पाणी नको म्हणून सून बारकी आता पार रस्त्यापलीकडून पाणी आणते."

जयश्रीने गोणी उलटीपालटी केली. "हे पाण्यात विरघळणारं खत. चिकूच्या आळ्यात टाकतात ते नव्हे. कोणाकडचं?"

सुक्याने मान खाली घातली. "ज्यांचं हाय, त्यांच्याच बागांत राबतो, बाय. मी काय सांगू?"

"वहिनी, हा काहीतरी लपवतोय," रिक्षात बसताना नविन कुजबुजला.

"लपवतोय खरा. पण स्वतःचं नाही, भावजी."

सभेत जयश्री उभी राहिली. "दोन-चार गोण्यांच्या धुण्याने अख्खी विहीर बिघडत नाही. नवरात्रानंतर चिकूला खत नाही, पाऊसही नाही. मग खत जमिनीत मुरलं कसं? कोणीतरी पाण्यातूनच सोडलं, ठिबकच्या नळीने. विरघळणारं खत त्यासाठीच असतं. थंडीत दर दोन-तीन दिवसांनी असं खत मागणारं पीक कोणतं?"

तिने भाविकाकडे वळून पाहिलं.

"ट्रेमध्ये रोपं कशाची होती? आज दोन घरी गेले, दोन्हीकडे ढोबळी. आणि हिरकणीच्या अ‍ॅपमध्ये ढोबळी एकाच्याही नावावर नाही. सातबाऱ्यावर चिकू, म्हणून अ‍ॅपमध्येही चिकूच. बागेमागे जाळीच्या शेडमध्ये लावलेली ढोबळी कोणी भरलीच नाही. न भरलेल्या पिकाचा सल्ला ते बिचारं कसा देणार?"

"पण भरलं का नाही?" नविनने विचारलं.

"टिकली लाल झाली असती," हिरकणी हळूच म्हणाली. "फलकावर, अख्ख्या गावासमोर."

तिने फोन पुढे धरला. "मी आत्ताच माझ्या दहा गुंठ्यांची ढोबळी भरून पाहिली. लगेच लाल. पण खाली बघा: 'एका वेळचं खत निम्मं करा, पाणी कमी वेळ सोडा, बांधावर गवताचा पट्टा ठेवा.' असं केलं तर दोन-तीन हंगामांत विहीर निवळेल म्हणतंय. पीकही जात नाही."

"एवढंच?" भाविकाच्या तोंडून निघून गेलं. मग तिने जीभ चावली.

सगळे चपलांकडे बघत बसले. मागे सुक्या उभाच होता. कोणी त्याला बस म्हटलं नव्हतं.

दौलतकाका खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले.

"सुक्याला कशाला काढता? त्याच्या नातवाचं पाणी मी नासवलंय."